गुल्फ व पादसंधींचा शूल : निदानभेद आणि चिकित्सा
(खंडाळा-मावळ परिसराच्या विशेष संदर्भात)

गुडघा आणि कंबर यांच्या व्याधींना चिकित्सालयात जेवढे महत्त्व मिळते, तेवढे घोटा व पाऊल यांच्या व्याधींना मिळत नाही. रुग्णही त्याकडे गौण दृष्टीने पाहतो. 'मागे कधीतरी मुरगळला होता', 'पाऊस लागला की ठणकतो' एवढेच सांगून तो तेलाची बाटली मागतो. आपणही पुष्कळदा 'वात' असे एका शब्दात निदान करून महानारायण तेल, महायोगराज गुग्गुळ व शेक सांगून त्याची बोळवण करतो. काहींना गुण येतो, काहींना येत नाही आणि थोड्या रुग्णांना निश्चित अपाय होतो.

पादशूल हे लक्षण आहे, व्याधी नव्हे. त्यामागे परस्परांहून भिन्न अशा निदान पाच अवस्था असू शकतात. एका अवस्थेत जे स्नेहन-स्वेदन अमृतासमान ठरते, तेच दुसऱ्या अवस्थेत शोथ वाढविते आणि तिसऱ्या अवस्थेत पाऊल गमावण्याची वेळ आणते. म्हणून तेल लावण्यापूर्वी हा भेद कसा करावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

देश, काल आणि व्यवसाय

खंडाळा व लोणावळा हा परिसर भोर घाटाच्या माथ्यावर वसलेला आहे. येथे वर्षाकाठी सरासरी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. त्या काळात ओल, धुके आणि गार वारा यांमुळे हा प्रदेश आनूप देशाचे गुण धारण करतो. वर्षा ऋतूत वाताचा प्रकोप होतो, अग्नी मंद असतो आणि आहाराचा विपाक अम्ल होतो, हे शास्त्रकारांनी सांगितलेच आहे. वातप्रकोप व आमोत्पत्ती यांना एकाच वेळी अनुकूल असा हा काल आणि देश होय. याच कारणाने या भागात पावसाळ्यातील सर्वच संधिशूल 'वाताचा' समजण्याची चूक सहज घडते. कारण वात व आम दोन्ही त्या दिवसांत एकत्र नांदत असतात.

व्यवसायांचा विचार केल्यास पावलांवरील भार अधिक स्पष्ट होतो. मावळातील शेतकरी स्त्री-पुरुष आषाढात भातलावणीसाठी दिवसचे दिवस घोटाभर चिखलात उभे राहतात आणि निसरड्या बांधांवरून ये-जा करतात. १८६३ साली सुरू झालेल्या भोर घाटाच्या लोहमार्गावर गँगमन व कीमन रोज खडीवरून चालतात. पावसाळ्यात घाटात विशेष गस्त असते. हौशी गिर्यारोहक लोहगड, विसापूर, राजमाची, नागफणी येथे ओल्या पायऱ्यांवरून व सुट्या दगडांवरून उतरताना घोटा मुरगळून घेतात. याउलट सुटीपुरता बंगल्यात उतरणारा नागरवर्ग तासन्‌तास मोटारीत पाय लोंबते ठेवून येतो आणि येथे मद्य, मांस व तळलेले पदार्थ यांचे यथेच्छ सेवन करतो. पहिल्या तिघांत वातकंटक व अभिघातज संधिविकार, तर शेवटच्या गटात वातरक्त हे प्रथम मनात यावे. व्यवसाय विचारल्याखेरीज पादशूलाचे निदान करू नये, असे म्हणण्याचे कारण हेच.

रचनाविचार

आधुनिक गणनेनुसार एका पावलात २६ अस्थी व ३३ संधी आहेत. सुश्रुताने गुल्फाची गणना कोरसंधींत केली आहे. मर्मांचा विचार करता गुल्फ हे रुजाकर मर्म असून त्याच्या आघाताने वेदना, पावलाची स्तब्धता अथवा खंजता येते असे शारीरस्थानात सांगितले आहे. गुल्फाच्या खाली असलेले कूर्चशिर हेही रुजाकर असून तेथील आघाताने रुजा व शोथ उत्पन्न होतो. रुजाकर म्हणून सांगितलेली आठही मर्मे हातापायांतच आहेत, म्हणजे मनगट, घोटा व त्यांच्या लगतच्या कूर्चशिरांच्या ठिकाणी, ही बाब विचारार्ह आहे. या ठिकाणच्या आघाताने मृत्यू येत नाही, परंतु वेदना दीर्घकाळ पाठ सोडत नाही.

चिकित्सकाच्या दृष्टीने तीन स्थाने वेगळी ओळखणे उपयुक्त ठरते. चढ-उतार करताना घोट्याच्या पुढील भागात दुखत असेल तर मुख्य गुल्फसंधी दूषित असतो. सपाट जमिनीवर त्रास नाही, परंतु खडी, बांध किंवा वाळू यांवर पाऊल आत-बाहेर कलले की दुखते, अशा वेळी गुल्फाच्या खालचा, टाचेच्या अस्थीलगतचा संधी तपासावा. पाऊल उचलताना अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल व अंगठा वर वळत नसेल तर अंगुष्ठमूलाच्या संधीतील झीज संभवते. पावलातील झिजेचे हे सर्वाधिक आढळणारे स्थान आहे.

निदानभेद

१. वातकंटक व अभिघातोत्तर संधिगत वात : पाऊल विषम पडणे व अतिश्रम ही वातकंटकाची कारणे होत, त्यांमुळे प्रकुपित वायू गुल्फाचा आश्रय करून वेदना उत्पन्न करतो. या वर्णनाला आजच्या ज्ञानाने पुष्टीच मिळते. गुडघ्याची झीज बहुधा वय व वजन यांमुळे होते. गुल्फसंधीची झीज मात्र सुमारे ७० ते ८० टक्के रुग्णांत पूर्वीच्या अस्थिभंगामुळे अथवा वारंवार मुरगळल्यामुळे होते. म्हणून दहा-वीस वर्षांपूर्वीची इजाही आवर्जून विचारावी. सकाळची स्तब्धता अल्पकाळ, बहुधा अर्ध्या तासाच्या आत, टिकते. श्रमाने वेदना वाढते व विश्रांतीने कमी होते. संधिगत वातात चरकाने सांगितलेला, वायूने भरलेल्या पखालीसारखा स्पर्श आणि आकुंचन-प्रसारणाच्या वेळी होणारी वेदना येथे पडताळून पाहावी.

२. आमवात : माधवनिदानात आमवाताची जी स्थाने सांगितली आहेत त्यांत हस्त, पाद व गुल्फ यांचा स्पष्ट उल्लेख आहे. शोथ बहुधा दोन्ही बाजूंस असतो, सकाळची जखडण तासाहून अधिक टिकते, अरुची, गौरव, आलस्य व मंद ज्वर ही लक्षणे बरोबर असतात. पावलाच्या पुढील भागाखाली खडे टोचतात असे रुग्ण सांगतो. पावलाचा पुढचा भाग दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने दाबल्यास तीव्र वेदना होते. पुष्कळ रुग्णांत व्याधीचा आरंभ हाताच्या बोटांऐवजी येथूनच होतो. ऱ्हुमेटॉइड प्रकारच्या संधिशोथात पहिल्या तीन ते सहा महिन्यांत योग्य उपचार सुरू झाले तर संधींची कायमची विकृती टाळता येते. म्हणून संशय येताच रक्तपरीक्षा करून घ्यावी आणि संधिरोगतज्ज्ञांचे मत घ्यावे. हा काळ केवळ तेल लावण्यात जाऊ देऊ नये.

३. वातरक्त : पादमूलाशी आरंभ होऊन मूषकविषाप्रमाणे हळूहळू देहभर पसरणारा हा व्याधी. सुकुमार प्रकृती, अचंक्रमणशीलता, लवण-अम्ल-क्षार यांचे अतिसेवन, मद्य, तसेच पाय लोंबते ठेवून वाहनांवरील दीर्घ प्रवास ही हेतुमालिका आजच्या नागर जीवनास तंतोतंत लागू पडते. रात्री अकस्मात अंगठ्याच्या मुळाशी दाह, आरक्तता, पांघरुणाचाही स्पर्श सहन न होणे हे चित्र सर्वपरिचित आहे. घोट्यातही असाच वेग येऊ शकतो. रक्तातील युरिक ॲसिडचे प्रमाण ६.८ मिलिग्रॅमच्या पुढे गेले की स्फटिक साचण्यास अनुकूलता येते. परंतु ऐन वेगात हे प्रमाण प्राकृतही आढळते. म्हणून एका अहवालावरून वातरक्त नाही असे ठरवू नये. वेग ओसरल्यावर दोन ते चार आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी. उलटपक्षी, केवळ प्रमाण वाढलेले आहे म्हणून घोट्याची प्रत्येक वेदना वातरक्ताची समजणे हेही चूकच. मूत्रल औषधे चालू आहेत काय, हे विचारण्यास विसरू नये.

४. ज्वरोत्तर संधिशूल : २००६ सालच्या चिकुनगुन्याच्या साथीत महाराष्ट्रातील वैद्यांनी असे असंख्य रुग्ण पाहिले. ज्वर आठवड्यात उतरतो. घोटे, मनगटे व बोटे यांचा शोथ व सकाळची जखडण मात्र कित्येक महिने टिकते. येथे ज्वरानंतर शेष राहिलेला आम व दुर्बल अग्नी यांचा विचार प्रथम करावा. ज्वर चालू असताना डेंग्यूची शक्यता दूर झाल्याखेरीज ॲस्पिरिन वर्गातील वेदनाशामके देऊ अथवा विकू नयेत.

५. प्रमेही रुग्णाचे पाऊल : अत्यंत सावधगिरीची ही अवस्था आहे. दीर्घकाळ प्रमेह असलेल्या रुग्णाचे एक पाऊल वा घोटा सुजतो, उष्ण व लाल होतो, परंतु शोथाच्या मानाने वेदना अगदी थोडी असते. संवेदना गेलेल्या पावलातील अस्थी व संधी ढासळण्याचा हा आरंभ असू शकतो. शार्को या नावाने तो ओळखला जातो. प्रारंभी क्ष-किरण चित्रही प्राकृत दिसू शकते. 'वेदना कमी आहे, तेव्हा साधा वात असेल' असे समजून शेक, मर्दन व चालण्याचा व्यायाम सांगितल्यास अल्पावधीत पावलाची कमान कोसळते, त्वचा भाजते, व्रण होतो आणि पुढे अवयवच्छेदाचा प्रसंग ओढवतो. अशा रुग्णाचा पाय त्वरित भारमुक्त करावा आणि त्याला विलंब न करता रुग्णालयात पाठवावे.

परीक्षणाचा क्रम

पुढील क्रम पाळल्यास चिकित्सालयात पाच मिनिटांत बहुतेक भेद स्पष्ट होतात.

(अ) दोन्ही पावले उघडी करून शेजारी शेजारी पाहावीत. हाताच्या पाठीने दोन्हींच्या उष्णतेची तुलना करावी.

(आ) प्रमेही रुग्णास डोळे मिटण्यास सांगून दोन्ही पायांच्या पहिल्या, तिसऱ्या व पाचव्या बोटांच्या टोकांना आपल्या तर्जनीने एक-दोन क्षण अगदी हलका स्पर्श करावा. सहांपैकी दोन अथवा अधिक स्पर्श न कळल्यास पाऊल संवेदनाहीन होत चालले आहे असे समजावे. त्यास उपकरण लागत नाही.

(इ) ताज्या मुरगळीत रुग्ण चार पावलेही टाकू शकत नसेल, किंवा घोट्याच्या आतील वा बाहेरील अस्थीच्या मागील कडेवर वा टोकावर, अथवा पावलाच्या बाहेरील कडेच्या मध्यभागी उंचवट्यावर, अथवा आतील बाजूस कमानीच्या माथ्यावरील अस्थीवर दाबल्यास तीव्र वेदना होत असेल, तर क्ष-किरण तपासणीपूर्वी मर्दन करू नये. न ओळखलेला अस्थिभंग हेच पुढील संधिविकाराचे बीज होय.

(ई) एकच संधी, तीव्र ज्वर, थंडी वाजणे व किंचित हालचालही असह्य होणे ही लक्षणे संधीत पूय झाल्याची असू शकतात. तेथे काही तासांचा विलंबही घातक ठरतो.

(उ) जिव्हा, अग्नी, मलप्रवृत्ती व सकाळच्या जखडणीचा कालावधी यांवरून साम-निराम भेद ठरवावा. चिकित्सेची दिशा यावरच अवलंबून असते.

चिकित्सासूत्र

साम अवस्थेत तेल नको, निराम अवस्थेत रूक्षता नको, आणि रक्तपित्तानुबंध असेल तेथे उष्ण नको. हे तीन निषेध पाळले तरी पादशूलाच्या चिकित्सेतील बहुतेक अपाय टळतात.

वातकंटक व संधिगत वात : ताज्या इजेत पहिले दोन-तीन दिवस मर्दन व शेक वर्ज्य करून विश्रांती, पाय उंच ठेवणे, पट्टबंधन व शीत लेप यांची योजना करावी. शोथ उतरल्यावर स्नेहन, निरगुडीच्या पाल्याचा शेक, उपनाह व बंधन हा क्रम ठेवावा. निरगुडी मावळातील ओढ्याकाठी विपुल आहे. ताजा पाला उपलब्ध असता बाहेरची पोट्टली आणविण्याचे कारण नाही. जीर्ण अवस्थेत एरंड तेल, लाक्षादि अथवा योगराज गुग्गुळ, महारास्नादि काढा व मात्राबस्ती यांचा उपयोग होतो. वर्षा ऋतूत बस्तीचा काल स्वभावतःच अनुकूल असतो. वातकंटकात रक्तमोक्षण, एरंड तेलाचे पान व सूचीने दहन असे तीन उपाय परंपरेत सांगितले आहेत. टाच व घोट्याच्या स्थानिक, चिवट शूलात अनुभवी हातांनी केलेले अग्निकर्म उपयुक्त ठरते. मात्र प्रमेही व संवेदनाहीन पावलावर ते कदापि करू नये.

आमवात : लंघन, दीपन-पाचन, वालुका पोट्टलीने रूक्ष स्वेद, शुंठीच्या काढ्यासह एरंड तेल, सिंहनाद गुग्गुळ, रास्नासप्तक काढा व पुढे क्षारबस्ती हा क्रम चक्रदत्ताच्या सूत्रास धरून आहे. अभ्यंगाची घाई करू नये. रुग्ण आधुनिक औषधे, विशेषतः मेथोट्रेक्सेट अथवा स्टेरॉइड, घेत असेल तर ती आपल्या शब्दावर अकस्मात थांबवू नयेत.

वातरक्त : वेगाच्या काळात उष्ण शेक व तीव्र मर्दन वर्ज्य. पिंड तैलासारखा सौम्य स्नेह, शीत परिषेक व विश्रांती द्यावी. गुडूची हे येथील प्रमुख द्रव्य. कैशोर गुग्गुळ, मंजिष्ठादि काढा व मृदू विरेचन यांची जोड द्यावी. दाह, राग व तोद अधिक असता जलौकावचारण हितकर. पण रक्त पातळ करणारी औषधे घेणारे रुग्ण वगळावेत. वारंवार वेग येणाऱ्या, मूत्राश्मरी असणाऱ्या अथवा वृक्क दुर्बल असणाऱ्या रुग्णांत युरिक ॲसिड ६ मिलिग्रॅमच्या खाली राखण्यासाठी आधुनिक तज्ज्ञांचे साहाय्य घेणे हे कमीपणाचे नव्हे.

पादत्राण, व्यायाम आणि आसने

पादाभ्यंग व पादत्रधारण यांना चरकाने दिनचर्येत स्थान दिले आहे. औषधाच्या चिठ्ठीवर मात्र पादत्राणाचा उल्लेख क्वचितच आढळतो. घोटा कमकुवत असणाऱ्याने घोट्याला आधार देणारे, नाडीने बांधता येणारे बूट वापरावेत. सैल चपला व पावसाळी गुळगुळीत रबरी सपाता टाळाव्यात. अंगठ्याच्या मुळाशी झीज असल्यास तळ कडक व पुढे किंचित वर उचललेला असावा. शेतात काम करणाऱ्यास हे शक्य नसते. त्याला निदान कामानंतर पाय धुऊन कोरडे करणे, बोटांच्या बेचक्यांतील चिखल्या वेळीच बऱ्या करणे व रात्री पादाभ्यंग करणे सांगावे.

शोथ नसताना भिंतीचा आधार घेऊन टाचा उचलणे, एका पायावर काही क्षण तोल सांभाळणे, पोटरी ताणणे हे व्यायाम रोज करावेत. वारंवार मुरगळणाऱ्या घोट्याला तोलाचा व्यायाम हाच खरा संरक्षक होय. आसनांच्या बाबतीतही विवेक हवा. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधामची स्थापना केल्यापासून या परिसरात योगाभ्यासाची परंपरा रुजली आहे. पुष्कळ रुग्ण नित्य वज्रासन करतात. वज्रासनात घोटा पूर्ण ताणला जातो व त्यावर देहाचा भार येतो. म्हणून गुल्फशोथ असेपर्यंत ते थांबवावे आणि पुढे घोट्याखाली घडी केलेले वस्त्र ठेवून क्रमाने सुरू करावे.

औषधविक्रेत्यांचे दायित्व

घोटा दुखणारा रुग्ण वैद्याकडे येण्यापूर्वी बहुधा औषधाच्या दुकानात जातो. म्हणून विक्रेत्याने तेलाची बाटली देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : मधुमेह आहे काय? पाय उष्ण व लाल आहे काय? ताप अथवा ताजी इजा आहे काय? यांपैकी एकाचेही उत्तर 'होय' आल्यास तेल न देता रुग्णास चिकित्सकाकडे पाठवावे.

दुसरी बाब लेबल नसलेल्या 'सांधेदुखीच्या पुड्यां'ची. दोन दिवसांत चमत्कारिक आराम, अकस्मात वाढलेली भूक, चेहऱ्यावर सूज, वाढलेली रक्तशर्करा ही लक्षणे दिसल्यास पुडीत स्टेरॉइडची भेसळ असल्याचा संशय घ्यावा. अशी पुडी दीर्घकाळ घेतलेल्या रुग्णाने ती एकदम सोडणेही धोक्याचे असते. त्याला तज्ज्ञांकडेच पाठवावे. असा माल दुकानात ठेवणे हा कायद्याने गुन्हा आहेच, शिवाय शास्त्राच्या नावावर लागणारा तो कलंक आहे.

तिसरी बाब द्रव्यशुद्धीची. २०२१ मध्ये मुंबईतील काही रुग्णांत गुळवेल सेवनानंतर यकृतास इजा झाल्याचे वृत्त वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यावर आयुष मंत्रालयाने खऱ्या गुळवेलीच्या जागी टिनोस्पोरा क्रिस्पा ही जाती वापरली जाण्याचा संभव निदर्शनास आणला. वाद बाजूला ठेवला तरी बोध स्पष्ट आहे. ओळख न पटलेली वेल विकू नये आणि यकृतविकार असलेल्यास ती देखरेखीविना देऊ नये. गुग्गुळाचा वृक्ष आज अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला आहे, त्यामुळे स्वस्त गुग्गुळाविषयी साशंक असावे. महायोगराज गुग्गुळात नागभस्मादी धातुकल्प आहेत. साध्या घोटेदुखीस महिनोन्‌महिने तो स्वतःच्या मनाने घेण्याचे औषध नव्हे. वृक्कविकारी व गर्भिणी यांना तर मुळीच नव्हे.

उपसंहार

पादशूल पाहताच प्रथम व्यवसाय व पूर्वीची इजा विचारावी. मग पावलाची उष्णता व संवेदना पाहावी. त्यानंतर साम-निराम व रक्तानुबंध ठरवावा. आणि सर्वांत शेवटी तेल, शेक किंवा लेप यांची निवड करावी. या क्रमास औषधाचा खर्च नाही, केवळ पाच मिनिटांचा वेळ आहे. भातलावणीच्या हंगामात रांगेने येणाऱ्या रुग्णांच्या गर्दीत ही पाच मिनिटे काढणे कठीण वाटते हे खरे. परंतु त्याच रांगेत एखादा उष्ण, सुजलेला व न दुखणारा पाय उभा असतो. तो ओळखला गेला तर एक पाऊल वाचते. आपल्या सदस्य वैद्यांनी व विक्रेत्यांनी येत्या वर्षा ऋतूपासून हा क्रम आपापल्या चिकित्सालयात व दुकानात अवश्य अमलात आणावा.